तलाव तीस सेंटिमीटर कमी भरला

सूतभररावांच्या घरात 'अंदाजे' हा शब्द उच्चारायला बंदी होती. एखादी शिवी एक वेळ खपून जाईल, पण 'अंदाजे' नाही. "चहात साखर अंदाजे घालू का?" असं बायकोने विचारलं, की ते पेपर खाली ठेवायचे आणि चष्म्यावरून असे बघायचे, की ती बिचारी निमूटपणे चमचा शोधायला लागायची. त्यांचं खरं नाव ऑफिसच्या हजेरीपटाशिवाय कुठे उरलंच नव्हतं. सव्वीस वर्षं जमीनमोजणीच्या खात्यात सर्व्हेअर म्हणून काढली. बांधावरून दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जात असले, तरी मध्ये उभं राहून "थांबा, थांबा, सूतभर फरक येतोय" असं म्हणणारा हा माणूस. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतार-गवंड्यांचं माप. जमिनीच्या मोजणीत त्याला कोण विचारतो? पण हे विचारायचे. म्हणून सूतभरराव.

तर अशा माणसाच्या बायकोने वयाच्या बावन्नाव्या वर्षी पोहायला शिकायचं मनावर घेतलं. खरं तर डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी फक्त "पाण्यात चाला" एवढंच सांगितलं होतं. बाई चालता चालता पोहायला लागली. चार महिन्यांत हात मारायला शिकली, श्वास घ्यायला शिकली, आणि एक दिवस केस पुसत पुसत म्हणाली, "अहो, रविवारी तलावावर स्पर्धा आहेत. पन्नाशीच्या पुढच्या बायकांची पन्नास मीटर. मी नाव दिलंय."

सूतभररावांच्या हातातला कप हातातच राहिला. बायको लहान असताना तिचे तिघे भाऊ विहिरीत उड्या मारायचे आणि ही काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायची. "मी पण येऊ का?" असं विचारलं की "तू बस तिथेच, कपडे कुणी नेले तर?" हे उत्तर ठरलेलं. ही गोष्ट तिने लग्नानंतर सत्तावीस वर्षांत एकदाच सांगितली होती, तीही हसत. पण ती हसली कशी, ते सूतभररावांच्या लक्षात राहिलं होतं.

"मला नंबर नकोय हो," ती म्हणाली. "चौघीच आहोत, त्यात मी चौथी येणार हे मला ठाऊक आहे. मला फक्त मधे दोरी न धरता भिंतीला हात लावायचाय. बस्स."

कारण तीच तर मेख होती. तलाव पंचवीस मीटरचा. एकदा जायचं, एकदा यायचं. जाताना बाई झकास जायची. येताना शेवटचे तीन-चार हात उरले की दम संपायचा आणि हात आपोआप लेनच्या दोरीकडे जायचा. दोरी धरली की शर्यतीतून बाद. चार महिन्यांत एकदाही ती दोरी न धरता परत आली नव्हती.

झालं! सूतभररावांनी त्या दिवसापासून तिची तयारी अंगावर घेतली. स्वतः ते बादलीपेक्षा खोल पाण्यात कधी उतरले नव्हते, पण आपल्याकडे शिकवायला ते आड येत नाही. सोमवारी ते वही घेऊन काठावर बसले आणि तिचे हात मोजले. दालनात हवेत हात मारायला लावून तिच्या एका हाताची लांबीही त्यांनी आधीच काढून ठेवली होती: चौऱ्याऐंशी सेंटिमीटर.

"तिसावा हात संपता संपता भिंत लागायला पाहिजे. तुला एकतीस पूर्ण लागतात," ते तिला घरी म्हणाले. "एक तर तू चुकतेस, नाहीतर तलाव चुकतोय."

"मीच चुकत असेन. तलावाला काय पडलंय?"

"तसं नाही. मोजल्याशिवाय कुणावर आरोप करू नये."

हे सगळं शेजारच्या अनुभवींनी जिन्यात ऐकलं. त्यांना सगळे अनुभवी म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव सांगतो" इथून सुरू व्हायचं. आणि पोहण्याच्या बाबतीत त्यांना तो अधिकारही होता. तलावाच्या दारातल्या फळ्यावर बावीस वर्षांपूर्वीच्या पन्नास मीटरच्या विक्रमापुढे त्यांचं नाव पिवळ्या रंगात रंगवलेलं होतं, आणि तो विक्रम अजून कुणी मोडला नव्हता. मोडायला कुणी गेलं नव्हतं ही गोष्ट वेगळी.

"माझा अनुभव सांगतो, वहिनी," ते म्हणाले, "शर्यतीच्या आधी चार दिवस पाण्याला शिवायचं नाही. पाण्याची ओढ लागली पाहिजे." आणि मंगळवारी सकाळी तेच म्हणाले, "काय हे, आज गेला नाहीत? चार दिवस उरलेत! माझा अनुभव सांगतो, आता पाण्यातून बाहेर यायचंच नाही."

मंगळवारी संध्याकाळी मात्र ती गेली, आणि सोबत सूतभररावही गेले. त्यांच्या हातात त्यांचा स्टीलचा तीस मीटरचा टेप होता. या टेपबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण सूतभररावांचा देवावर नसेल एवढा विश्वास त्या टेपवर होता. सव्वीस वर्षं चिखलादगडांतून ओढून त्याचे पहिले तीस सेंटिमीटर पार झिजले होते, आकडे दिसत नव्हते. पण टेप बदलायचं नाव नाही. मोजणीत दुसरं टोक धरायला त्यांचा जुना चेनमन असायचा. तो न सांगता तिसाच्या खुणेवर बोट ठेवायचा, आणि सूतभरराव न बोलता आलेल्या आकड्यातून तीस वजा करायचे. दोघांत या विषयावर गेल्या वीस वर्षांत एक शब्द झाला नव्हता. नवरा-बायकोतही एवढं जमत नाही.

बायको उथळ बाजूच्या कोपऱ्यात पाण्यात उभी राहिली. "टोक धर," सूतभरराव ओरडले. तिने धरलं. खोल बाजूला ते स्वतः काठावर पालथे झोपले, एक हात पाण्यात, खिशातलं पेन आधीच तळाशी गेलेलं. पोहणारी चार माणसं थांबून बघायला लागली. लेनमधल्या एका मुलीने विचारलं, "काकांना काही झालंय का?"

सूतभररावांनी आकडा वाचला. मान हलवली. पुन्हा वाचला. मग दुसऱ्या काठाने मोजलं. मग पुन्हा पहिल्या. तिन्ही वेळा तेच. चूक असती तर एकदा तरी वेगळी आली असती ना?

"चोवीस मीटर सत्तर," ते ओल्या शर्टाने उठत कुजबुजले. "तीस सेंटिमीटर कमी. मला वाटलं जास्त भरेल, निघालं उलटंच! जाऊन-येऊन साठ सेंटिमीटर. ही शर्यत पन्नासची नाहीच. एकोणपन्नास मीटर चाळीस."

बायकोचे डोळे चमकले. "म्हणजे माझा जवळजवळ एक हात वाचला?"

"तुझा हात वाचला, पण मापाची अब्रू गेली! हे लेखी द्यायला हवं."

"अहो, कुणाला काही बोलू नका. रविवार होऊन जाऊ दे. तुम्हाला माझी शपथ."

घरी आल्यावर टेप हातातच होता म्हणून त्यांनी दिवाणखान्याच्या खिडकीची दांडीपासून जमिनीपर्यंतची उंचीही घेऊन टाकली. नवे पडदे शिवायचे होते. बायको स्टुलावर चढून वर टोक धरून उभी, खाली सूतभरराव. एक मीटर ऐंशी. स्वच्छ अक्षरात चिठ्ठी लिहून शिंप्याकडे गेली.

आणि शपथ? बुधवारी सकाळपर्यंत पाळली. पण मोजलेलं लिहायचं नाही म्हणजे सूतभररावांना जेवून हात न धुण्यासारखं. तीन प्रतींत अर्ज लिहून ते तलावाच्या मॅनेजरसमोर उभे राहिले. मॅनेजर पाण्यापेक्षा कागदाला जास्त भिणारा माणूस. अर्ज बघूनच त्याचा चेहरा उतरला.

"साहेब, हे काय केलंत? तोंडी सांगितलं असतंत तर मी ऐकलंच नसतं. आता लेखी दिलंत, आता मला वाचावं लागणार."

"वाचा की."

"वाचलं की कमिटीपुढे ठेवावं लागणार. कमिटी म्हणणार, मोजणी खात्याचा दाखला आणा. चार दिवसांत दाखला देतंय का तुमचं खातं?"

"आमच्या खात्याविषयी जपून बोला," सूतभरराव म्हणाले.

गुरुवारी दुपारी तलावाचा अर्ज खात्यात आला आणि फिरत फिरत बरोबर सूतभररावांच्याच टेबलावर येऊन बसला. त्यांनी आपल्याच तक्रारीवरच्या अर्जावर आवकचा शिक्का मारला. आता मोजणी करायची कुणी? नियमाप्रमाणे तक्रारदाराने स्वतः मोजणी करायची नाही. हा नियम दहा वर्षांपूर्वी त्यांनीच साहेबांकडे धरणं धरून करून घेतला होता. दुसरे सर्व्हेअर रविवारपर्यंत रजेवर. तेव्हा नाइलाजाने, पण सुवाच्य अक्षरात, त्यांनी उत्तर लिहिलं: "सदर मोजणी सोमवारी करण्यात येईल." आणि खाली सही केली. आपण काय केलं हे त्यांना सही वाळल्यावर कळलं.

आणि नेमकं त्याच संध्याकाळी ते घरी आले तर बायको दारातच उभी. ओले केस, लाल डोळे, तोंडभर हसू.

"गेले! जाऊन आले! दोरी धरली नाही! शेवटी दम संपला होता, पण मनाशी म्हटलं, अगं, साठ सेंटिमीटर कमी आहे, आलीच भिंत, आलीच भिंत... आणि आली की हो!"

सूतभरराव हसले. त्यांना हसावंच लागलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी केलेलं काम कुणाला सांगितलं नाही.

ते काम शुक्रवारी तलावाच्या दारावर लागलं. "तलाव तीस सेंटिमीटर कमी भरत असल्याची लेखी तक्रार आल्याने रविवारच्या स्पर्धा पुढील सूचनेपर्यंत स्थगित." तक्रारदाराचं नाव मॅनेजरने मोठ्या मनाने पूर्ण लिहिलं होतं.

सर्वांत आधी आले ते अनुभवी. बेल दाबून धरूनच ठेवली. "बावीस वर्षं!" ते म्हणाले. "बावीस वर्षं ते नाव तिथे आहे! आता लोक म्हणतात, एकोणपन्नास मीटर चाळीसचा विक्रम! माझ्या नातवाने विचारलं, आजोबा, तुम्ही शेवटपर्यंत पोहला नव्हतात का? काय सांगू मी त्याला?" पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात स्वतःचा अनुभव आला नाही, इतके ते दुखावले होते.

पण तेही बरं. बायकोने पोहायची टोपी धुतली, वाळवली, घडी करून कपाटात सगळ्यात खालच्या खणात ठेवली. सूतभरराव मागे मागे. "अगं, नियम म्हणजे नियम. सोमवारी मोजणी झाली की पुढच्या महिन्यात..."

"लहानपणापासून सगळ्यांनी मला काठावर बसवलं," ती खणाकडे बघत म्हणाली. "तुम्ही तेवढे राहिला होतात."

एवढंच. आवाज नाही, आदळआपट नाही. आदळआपट झाली असती तर सूतभररावांना जरा बरं वाटलं असतं.

शनिवारी सकाळी अकरा वाजता शिंपी पडदे घेऊन आला. तो आणि सूतभरराव दोघांनी मिळून ते दांडीत ओवले आणि खाली सोडले. पडदे लोंबले, आणि जमिनीच्या वर फूटभर अंतरावरच थांबले. खिडकीने अर्धी चड्डी घातली आहे असं दिसायला लागलं.

सूतभररावांना चार दिवसांचा सगळा राग काढायला जागा मिळाली. "हे माप? याला माप म्हणतात? कापड गिळलंत की काय?"

शिंपी शांतपणे खिशातून चिठ्ठी काढत म्हणाला, "एक मीटर ऐंशी. कागद तुमचा, अक्षर तुमचं. माझा टेप म्हणतो एक ऐंशीच आहे. आता खिडकी वाढली असेल तर माझा इलाज नाही."

"माझ्या मापात चूक? सव्वीस वर्षांत..." त्यांनी स्टीलचा टेप खसकन बाहेर काढला. "अगं! जरा टोक धर."

कालपासून नवरा-बायकोत उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. बायको स्वयंपाकघरातून आली, स्टुलावर चढली, आणि टेपच्या टोकाची कडी दांडीला टेकवून धरली. सूतभररावांनी खाली आकडा वाचला, मनात तीस वजा केले, एक मीटर ऐंशी म्हणायला तोंड उघडलं, आणि वर बघितलं. बायकोची बोटं कडीवर होती.

"तू... कडी धरतेस?"

"मग काय धरू? टोक धर म्हणालात, टोक धरलंय."

"तिसावर नाही धरलंस?"

"तिसावर कशाला धरू? कुणी सांगितलं?"

खरंच, कुणी सांगितलं होतं? चेनमनला वीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं. बायकोला कधीच नाही. सूतभरराव हळूच स्टुलाच्या पायाशी खाली बसले.

"म्हणजे पडदे माझे बरोबर," शिंपी म्हणाला. तो कपभर चहा पिऊन समाधानाने गेला.

सूतभरराव मात्र बसूनच राहिले. खिडकी तीसने चुकली म्हणजे तलावही तीसनेच चुकला. तलाव पंचवीस मीटर आहे, पहिल्यापासून होता. कबूल केलं तर उद्या स्पर्धा होतील. पण कबूल केलं, तर ज्या साठ सेंटिमीटरच्या भरवशावर बायको गुरुवारी भिंतीपर्यंत आली, ते साठ सेंटिमीटर तिच्या हातून काढून घेतल्यासारखं होईल. उद्या पुन्हा शेवटचे तीन हात उरतील, तिला पूर्ण पन्नास मीटर आठवतील, आणि हात दोरीकडे जाईल. आणि गप्प राहिलं तर? सोमवारी दुसरा सर्व्हेअर मोजेलच, पण तोवर रविवार गेलेला असेल. सूतभररावांनी आयुष्यात अनेक अवघड हद्दी आखल्या होत्या, पण इतकी अवघड नाही.

शेवटी त्यांनी सांगून टाकलं. सगळं. कडीपासून तलावापर्यंत. मान खाली घालून.

बायको स्टुलावरच बसून ऐकत होती. मग तिने बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हणजे गुरुवारी मी गेले ते...?"

"पन्नास," सूतभरराव हताशपणे म्हणाले. "पूर्ण पन्नास."

"पूर्ण?"

"सूतभरही कमी नाही."

बायको स्टुलावरून उतरली. तिचा चेहरा असा झाला होता, की सूतभररावांना आधी वाटलं ती रडणार. "म्हणजे मी पन्नास मीटर पोहले!" ती ओरडली. "सवलत नव्हतीच! मी आपली उगाच त्या साठ सेंटिमीटरचे आभार मानत बसले! अहो, बघता काय नुसते? चला मॅनेजरकडे! उठा!"

मॅनेजरने ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. तक्रार मागे घ्यायचा नमुनाच कार्यालयात नव्हता. आजवर कुणी घेतलीच नव्हती. शेवटी शुद्धिपत्राचा नमुना सापडला. "मजकूर मी सांगतो, तुम्ही लिहा," मॅनेजर म्हणाला, आणि आवाजात थोडी मजा घेत त्याने सांगितला: "तलावाची लांबी पूर्ण पंचवीस मीटर असून मोजणीत झालेली चूक सर्वस्वी माझी आहे."

"'सर्वस्वी' हवंच का?" सूतभररावांनी विचारलं.

"चूक तुमची आहे की थोडी तलावाचीही?"

सूतभररावांनी 'सर्वस्वी' लिहिलं. संध्याकाळी ते शुद्धिपत्र दाराला लागलं, आणि शेजारी उभे राहून अनुभवी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते मोठ्याने वाचून दाखवत होते. नातवालाही घेऊन आले होते. "माझा अनुभव सांगतो," ते म्हणत होते, "माणसाने चूक कबूल करावी. विशेषतः दुसऱ्या माणसाने."

रविवारी सकाळी चौघी जणी काठावर उभ्या राहिल्या. बायको तिसऱ्या लेनमध्ये. सूतभरराव तिच्या मागेच काठावर, एका खांद्यावर तिचा टॉवेल, हातात तिचा चष्मा, बगलेत कपड्यांची पिशवी, पायाशी चपला. आज कपडे सांभाळायची पाळी त्यांची होती, आणि पिशवी त्यांनी अशी घट्ट धरली होती, जणू खरंच कुणी न्यायला टपलंय.

शिट्टी झाली. जाताना बाई झकास गेली. येताना पहिल्या तिघी पुढे निघाल्या, भिंतीला लागल्या, बाहेर येऊन अंग पुसायला लागल्या, आणि आता पाण्यात ती एकटी. हात जड झाले होते. लांबूनही दिसत होतं. तीन-चार हात उरले. तीच जागा. तिचं डोकं वर आलं आणि उजवा हात पाण्यातच घुटमळला, दोरीच्या बाजूला.

"किती राहिलं?" तिने विचारलं की नाही कोण जाणे. सूतभररावांना मात्र ऐकू आलं. टेप घरी होता. मोजायला वेळ नव्हता. सव्वीस वर्षांची अब्रू, कपड्यांची पिशवी, सगळं सोडून ते काठावर गुडघे टेकून बसले आणि सगळ्या तलावाला ऐकू जाईल असे ओरडले,

"अंदाजे दोन हात! ये! अंदाजे दोनच हात!"

ती आली. दोन नाही, चार हात लागले. पण आली. दोरीला बोट न लावता, पाणी गिळत, धापा टाकत तिने भिंतीवर पंजा ठेवला, आणि तिथेच लटकून इतकी हसली की तिला वर काढायला दोघं लागले. अनुभवींनी तर टाळ्या वाजवून वाजवून नातवाला घाबरवलं. सूतभररावांचे दोन्ही गुडघे आणि चष्मा भिजला होता. चष्मा पाण्याने भिजला असं ते आजही सांगतात.

चौथ्या क्रमांकाला पदक नव्हतं. म्हणून बाईने जाता जाता दारावरचं शुद्धिपत्र काढून घेतलं. मॅनेजरने पाहिलं, पण लेखी कुणी काही दिलं नव्हतं, म्हणून त्याने पाहिलंच नाही.

आता ते काचेच्या चौकटीत त्यांच्या दिवाणखान्यात आहे, आखूड पडद्यांच्या शेजारी. कुणी घरी आलं की बायको ते दाखवते. "वाचा ना. लांबी पूर्ण पंचवीस मीटर. खाली सरकारी माणसाची सही आहे." पाहुणे 'सर्वस्वी'पाशी थांबून हसतात, आणि सूतभरराव पेपर वर करतात.

चौकट लावायच्या दिवशी ते टेप घेऊन आले होते. भिंतीचा मध्य काढायचा म्हणून बायकोला सांगायला लागले, "कडी नको, तिसावर धर हं. तिसावर, बघ..." बायकोने टेप त्यांच्या हातातून काढून घेतला.

"अंदाजे ठोका," ती म्हणाली.

त्यांनी खिळा अंदाजे ठोकला. चौकट डावीकडे झुकलेली आहे. सूतभर. त्यांना ते रोज दिसतं, आणि रोज ते गप्प बसतात.